गती आणि दिशा : श्वेतपेशींचा प्रवास आणि कळलावीचा कंद

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सुमारे पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ मुलीचा आधार घेत चिकित्सालयात आले. उजव्या पायाचा अंगठा सुजलेला, लालभडक आणि स्पर्शासह्य. त्यांचे दुखणे जुनेच होते. रक्तातील युरिक आम्ल वाढलेले असल्याचे अहवाल त्यांच्याजवळ होते. त्या दिवशीची मुख्य तक्रार मात्र पायाची नव्हती. दोन दिवस जुलाब थांबत नव्हते.

विचारपूस केली तेव्हा ते म्हणाले, "वैद्यबुवा, डॉक्टरांची बारीक गोळी आहे. तिने ठणका उतरतो, पण पोट बिघडतं. म्हणून गोळी कमी केली आणि गावातल्या जाणत्याकडून मुळीचं चूर्ण आणलं. ते आपलं झाडपाल्याचं. त्याने काय व्हायचंय?"

मुलीने पिशवीतून चूर्णाची पुडी काढली आणि तिच्यासोबत सुक्या कंदाचा एक तुकडाही काढला. नांगराच्या फाळासारखा वाकलेला तो कंद पाहताच ओळख पटली. ती कळलावी होती. गोळीच्या पाकिटावर 'कॉल्चिसिन' असे नाव होते. म्हणजे ज्या द्रव्याने पोट बिघडले म्हणून गृहस्थांनी गोळी कमी केली, तेच द्रव्य ते चूर्णाच्या रूपाने, मोजमापाशिवाय, पुन्हा घेत होते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त हे असे आहे. कळलावी विषारी आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती शरीरात नेमके काय करते, ठणका का उतरवते आणि त्याच गुणाने प्राणघातक का ठरते, हे समजण्यासाठी जिवंत पेशी आपल्या परिसराचा वेध घेऊन कशा हालचाल करतात, हे आधी पाहावे लागते. त्या विषयाचा थोडक्यात परिचय करून देऊन नंतर आपल्या व्यवसायाशी निगडित मुद्द्यांकडे वळू.

हालचालीमागील ज्ञान

'वा' या धातूचे गती आणि गंधन असे दोन अर्थ व्याकरणकारांनी दिले आहेत, आणि वातशब्दाची उपपत्ती आपण त्यावरूनच शिकलो. गती म्हणजे हालचाल. गंधन म्हणजे सूचना मिळणे वा देणे. हे दोन अर्थ एकाच धातूत यावेत ही बाब विचार करण्याजोगी आहे. हालचाल सार्थ व्हायची तर तिच्या आधी कसले तरी ज्ञान हवे. सजीवांच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही गेल्या दीडशे वर्षांत हाच प्रश्न पडला. ज्याला डोळे नाहीत, नाक नाही, मज्जातंतू नाहीत, अशा एका पेशीला कुठे जायचे हे कळते कसे?

कळलावीचेच उदाहरण घ्या. या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांबून ताण्याचे काम करते आणि शेजारच्या काटकीला स्पर्श होताच तिच्याभोवती गुंडाळते. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींच्या हालचालींवर लिहिलेल्या प्रबंधात कळलावीच्या प्रजातीतील एका वेलीच्या या पर्णाग्रांचे वर्णन केले आहे. येथे वनस्पती जागची हलत नाही. तिचा एक भाग स्पर्शाच्या दिशेने वळतो. अशा वळण्याला अनुवर्तन म्हणतात. संपूर्ण जीव किंवा पेशी उद्दीपकाच्या रोखाने किंवा त्यापासून दूर जाते, तेव्हा त्यास अनुचलन म्हणतात. उद्दीपक रासायनिक द्रव्य असेल तर ते रसायनानुचलन होय. केमोटॅक्सिस हा पाश्चात्त्य शब्द याच अर्थाचा आहे.

१८८४ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी एका साध्या प्रयोगाने ही क्रिया दाखवली. केसासारख्या बारीक काचनळीत त्यांनी मॅलिक आम्लाचे विरल द्रावण भरले आणि तिचे तोंड नेच्याच्या पुंयुग्मके असलेल्या पाण्यात बुडवले. पोहणाऱ्या त्या पेशी नळीच्या तोंडाशी गोळा होऊन आत शिरू लागल्या.

जिवाणूची रीत

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांबीचा असतो. एवढ्या लहान देहाच्या दोन टोकांत द्रव्याच्या प्रमाणाचा फरक इतका सूक्ष्म असतो की 'पुढे अधिक की मागे अधिक' हे त्याला एकाच क्षणी ठरवता येत नाही. मग तो काय करतो?

१९७२ साली हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राऊन यांनी पोहणाऱ्या जिवाणूचा माग ठेवणाऱ्या खास सूक्ष्मदर्शकाने याचे उत्तर दिले. जिवाणू सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, नंतर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ जागच्या जागी गडबडा फिरतो आणि मग भलत्याच दिशेने पुन्हा निघतो. त्याची कशाभिका घड्याळाच्या उलट दिशेने फिरली की त्यांची एक जुडी बनते व सरळ पोहणे घडते. त्या घड्याळाच्या दिशेने फिरल्या की जुडी विस्कटते. नवी दिशा जवळजवळ आंधळेपणानेच निवडली जाते. परंतु पोषक द्रव्य वाढत असल्याचे जाणवले तर गडबडणे कमी होते व सरळ धाव लांबते.

म्हणजे जिवाणू 'आत्ता' आणि 'क्षणापूर्वी' यांची तुलना करतो. मेंदू नसलेल्या या जिवाला काही सेकंदांची स्मृती आहे. ती त्याच्या ग्राहक प्रथिनांवर चढणाऱ्या व उतरणाऱ्या मिथिल गटांच्या रूपात असते. योग्य दिशा त्याला आधी कळत नाही. चुकीच्या दिशेने तो फार वेळ जात नाही, इतकेच. तेवढ्याने काम भागते.

श्वेतपेशीची रीत

आपल्या रक्तातील श्वेतपेशींची रीत निराळी आहे. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. भक्षकपेशींच्या सिद्धान्ताचा उगम तेथे झाला आणि १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १८८८ साली नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी स्वच्छमंडलाच्या दाहाचा अभ्यास करताना असे प्रतिपादन केले की श्वेतपेशी तेथे योगायोगाने पोहोचत नाहीत. रासायनिक द्रव्ये त्यांना ओढून आणतात.

रक्तातील श्वेतपेशींत सर्वाधिक संख्या न्यूट्रोफिल या पेशींची असते. सुमारे १२ ते १५ मायक्रोमीटर व्यासाची ही पेशी जिवाणूच्या कितीतरी पट मोठी. त्यामुळे आपल्या दोन कडांवरील द्रव्याचे प्रमाण ती एकाच वेळी ताडून पाहू शकते. सॅली झिगमंड यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की पेशीच्या लांबीत अवघा एक टक्का फरक असला तरी ती अचूक वळते.

तिचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. दाह झालेल्या जागी रक्तवाहिनीचे अंतःस्तर सिलेक्टिन नावाची प्रथिने बाहेर काढते. वेगाने वाहणारी न्यूट्रोफिल त्यांना अडखळत गडगडू लागते. नंतर इंटेग्रिन प्रथिनांच्या योगाने ती भिंतीला घट्ट चिकटते. मग पेशींच्या फटीतून अंग आक्रसून ती बाहेर पडते आणि ऊतकातून सरपटत दाहस्थानाकडे जाते. सरपटताना पुढच्या कडेला ॲक्टिन तंतूंची जाळी वाढत जाते व पेशीचा पुढील भाग रेटला जातो. मागच्या कडेला मायोसिन आकुंचन पावून शेपूट ओढून घेते. तिला बोलावणाऱ्या द्रव्यांत जिवाणूंनी सोडलेले प्रथिनांचे तुकडे, सी५ए, ल्यूकोट्राइन बी४ आणि इंटरल्यूकिन ८ ही प्रमुख होत.

वैद्यांना यात एक व्यावहारिक खूणही सापडेल. इंटेग्रिनचा जन्मजात अभाव असलेली बालके आढळतात. त्यांची नाळ उशिरा गळते, वारंवार जंतुसंसर्ग होतो, रक्तात श्वेतपेशी भरपूर असतात, पण व्रणात पू मात्र धरत नाही. सैन्य आहे, पण रस्त्यावरून खाली उतरता येत नाही. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही श्वेतपेशी वाढलेल्या दिसतात. त्याचे एक कारण असे की भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि ऊतकात कमी जातात. केवळ संख्येवरून बलाबल ठरवणे म्हणूनच फसवे होय.

अंगठ्यात काय घडते

आता आपल्या रुग्णाकडे येऊ. युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. तेथील भक्षकपेशी ते गिळतात. त्यांच्या आत एनएलआरपी३ नावाचा प्रथिनसमूह जागृत होतो आणि इंटरल्यूकिन १ बीटा हे दाहकारक द्रव्य बाहेर पडते. ही साखळी २००६ साली लोझान येथील संशोधकांनी उलगडली. पुढे न्यूट्रोफिलना हाक जाते. काही तासांत त्या मोठ्या संख्येने सांध्यात शिरतात, स्फटिक गिळतात, फुटतात आणि आणखी पेशींना बोलावणारी द्रव्ये सोडतात. रुग्णाला मध्यरात्री अंगठ्यावर चादरीचा भारही सोसवत नाही, तो या गर्दीमुळे.

कॉल्चिसिन येथे काय करते? पेशीत ट्युब्युलिन प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका सतत बांधल्या व मोडल्या जात असतात. १९६७ साली गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी दाखवले की कॉल्चिसिन याच प्रथिनाला जखडून टाकते. मग नलिकांची नवी उभारणी थांबते. सरपटण्याचे बळ ॲक्टिनचे असल्यामुळे न्यूट्रोफिल पूर्णपणे थबकत नाही, परंतु तिची दिशा ढळते. शिवाय भिंतीला चिकटणे कमी होते आणि इंटरल्यूकिन १ बीटाची निर्मितीही मंदावते. न्यूट्रोफिलमध्ये हे द्रव्य रक्तरसापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात साठते, म्हणून अल्प मात्रेतही परिणाम दिसतो. युरिक आम्ल मात्र त्याने कमी होत नाही. ठणका जातो, हेतू तसाच राहतो. निदानपरिवर्जनाचे महत्त्व जाणणाऱ्या वैद्याला याहून अधिक सांगणे नलगे.

येथे एक सावधगिरी हवी. वातरक्त आणि गाउट यांत मोठे साम्य आहे, पण ते पूर्णतः एक नव्हेत. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात वर्णिलेल्या वातरक्ताची व्याप्ती अधिक आहे. त्याचप्रमाणे प्रसर व स्थानसंश्रय या सुश्रुतोक्त अवस्था वाचताना न्यूट्रोफिलचा प्रवास आठवणे स्वाभाविक असले, तरी 'हे आमच्याकडे आधीच सांगितले होते' असे म्हणून थांबणे उचित नाही. दोन शास्त्रांची परिभाषा वेगळी आहे. साम्य हे विचाराला चालना देणारे असते. त्याला सिद्धतेचा दर्जा देता येत नाही.

औषध तेच, विषही तेच

कॉल्चिसिनचा इतिहास दीर्घ आहे. सहाव्या शतकात ट्रॅलेसचा अलेक्झांडर हा वैद्य सांध्यांच्या या रोगात कॉल्चिकमचा कंद देत असे. युनानी परंपरेतील सुरंजान त्याच कुलातील. १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू यांनी कॉल्चिकमपासून हे द्रव्य वेगळे काढले. आपल्या कळलावीतही तेच अल्कलॉइड कंदात आणि त्याहून अधिक प्रमाणात बियांत असते. म्हणूनच तामिळनाडूत तिची शेती होते व बियांना औषधउद्योगाकडून मागणी असते.

एके काळी जुलाब लागेपर्यंत कॉल्चिसिन देण्याची पद्धत होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत १.८ मिलिग्रॅमची अल्प मात्रा आणि ४.८ मिलिग्रॅमची मोठी मात्रा वेदनाशमनात जवळपास सारख्याच ठरल्या. जुलाब मात्र अल्प मात्रेत सुमारे २३ टक्के व मोठ्या मात्रेत सुमारे ७७ टक्के रुग्णांना झाले. म्हणजे मात्रा वाढवून गुण वाढत नाही, अपाय वाढतो. २०२३ साली अमेरिकेत ०.५ मिलिग्रॅमच्या दैनंदिन मात्रेस हृद्रोगप्रतिबंधासाठीही मान्यता मिळाली. त्यामुळे पुढील काळात हे औषध घेणारे रुग्ण आपल्याकडे अधिक येतील, आणि त्यांतील सर्वच जण सांधेदुखीचे नसतील.

विषबाधा कशी होते तेही याच क्रियेवरून कळते. पेशीविभाजनात गुणसूत्रांची वाटणी सूक्ष्मनलिकाच करतात. त्या मोडल्या की विभाजन अर्ध्यावर अडते. म्हणून ज्या ऊतकांत पेशी सतत नव्या होतात त्यांना आधी झळ पोहोचते. आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा आणि केसांची मुळे ही ती ऊतके. पहिल्या दिवशी ओकारी, पोटशूळ व जुलाब होतात. पुढील दोन ते सात दिवसांत श्वेतपेशी व बिंबिका घटतात, वृक्क, यकृत व हृदय निकामी होऊ शकतात. जो वाचतो त्याचे केस पुढे झडतात. १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्या वेळच्या सिलोनमधील एका तरुणीची नोंद आली होती. कळलावीचा कंद खाल्ल्यानंतर ती वाचली, पण तिच्या सर्वांगाचे केस गळले.

आता थोडे गणित करू. समजा कंदात कॉल्चिसिन ०.२ टक्के आहे. तर २५० मिलिग्रॅम चूर्णात ते ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीइतके भरते. चमचाभर म्हणून ५ ग्रॅम घेतले तर १० मिलिग्रॅम होते. ७ मिलिग्रॅमइतक्या मात्रेनेही मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. शिवाय ०.२ टक्के हे केवळ गृहीत आहे. जमीन, ऋतू, कंदाचे वय यांप्रमाणे प्रमाण कितीतरी बदलते. गोळीची मात्रा ठरलेली असते, पुडीची नसते.

"पण शोधन केले असेल तर?" असा प्रश्न कोणीही विचारील. लांगलीची गणना उपविषांत आहे आणि गोमूत्रात एक अहोरात्र भिजवून तिचे शोधन करण्याचा संप्रदाय आहे. कॉल्चिसिन पाण्यात चांगले विरघळत असल्याने भिजवण्यात त्याचा काही अंश निघून जाणे समजण्याजोगे आहे. तथापि किती निघाला हे कापांची जाडी, द्रवाचे प्रमाण आणि वेळ यांवर अवलंबून राहते. शोधनाने द्रव्य वापरण्यायोग्य होते. ते निर्विष झाले असे मानणे ही आपली चूक ठरेल.

वैद्य व औषधनिर्मात्यांसाठी

या विवेचनातून निघणाऱ्या काही गोष्टी क्रमाने मांडतो.

१. संधिशूलाच्या प्रत्येक रुग्णास चालू औषधांची पाकिटे घेऊन येण्यास सांगावे. कॉल्चिसिन चालू असेल तर लांगलीयुक्त वा सुरंजानयुक्त कल्प आभ्यंतर देऊ नये.

२. क्लॅरिथ्रोमायसिन, सायक्लोस्पोरिन यांसारख्या औषधांनी कॉल्चिसिन शरीरात साठते. वृक्कविकार व यकृतविकार असलेल्यांत धोका अधिक.

३. कळलावी खाल्ल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. पहिल्या दिवशी रुग्ण सावरल्यासारखा वाटतो आणि श्वेतपेशी वाढलेल्याही दिसतात. त्यावर विसंबू नये. डायलिसिसने हे विष निघत नाही.

४. गर्भपातिनी या नावातच इशारा आहे. प्रसूती सुलभ व्हावी म्हणून कंद उगाळून लावण्याचा वा पोटात देण्याचा प्रघात कोठे आढळल्यास त्या कुटुंबास स्पष्टपणे परावृत्त करावे.

५. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये लांगलीचा समावेश आहे. तिचा अंतर्भाव असलेल्या आभ्यंतर कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. कासीसादी तैलासारख्या बाह्य कल्पांवरही 'केवळ बाह्य उपयोगासाठी' असे ठळकपणे लिहावे.

६. कंद ताब्यात घेताना ओळख पटवावी, कुलुपबंद व वेगळा ठेवावा, दळणयंत्र वापरानंतर धुवावे आणि प्रत्येक घाणीतील कॉल्चिसिनचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून नोंदवहीत लिहावे. सुका काप एकदा दुसऱ्या मुळीत मिसळला की डोळ्यांनी निवडून काढणे कठीण.

उपसंहार

त्या गृहस्थांना आम्ही त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करवले. सुदैवाने चूर्ण दोनच वेळा, तेही चिमूटभर घेतले गेले होते. चौथ्या दिवशी श्वेतपेशी थोड्या घटल्या, नंतर सावरल्या. ते आता बरे आहेत. आहारविहाराचे नियम पाळतात व युरिक आम्ल वेळोवेळी तपासून घेतात. पुन्हा भेटले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "वैद्यबुवा, गोळी परदेशी आणि मुळी आपली, मग दोन्हींत एकच औषध कसं?"

त्यांना दिलेले उत्तर येथेही देतो. द्रव्याला देश नसतो. त्याला गुण, कर्म आणि मात्रा असते. भाद्रपदात कुंपणावर फुललेली कळलावी आपल्या पानाच्या टोकाने आधार शोधत वर चढते. तिच्याच कंदातील द्रव्य आपल्या पेशींची दिशा हरपवते. योग्य मात्रेत हे दिशा हरपणे दाह शमवते, अधिक मात्रेत मज्जेचे कार्यच थांबवते. या दोहोंतील अंतर काही मिलिग्रॅमचे आहे, आणि ते राखण्याची जबाबदारी लिहून देणाऱ्या वैद्याची व बनवून देणाऱ्या औषधनिर्मात्याची आहे. रुग्ण 'झाडपाल्याचं आहे' असे म्हणतो तेव्हा तो आपल्या शास्त्रावर विश्वास टाकत असतो. त्या विश्वासाला पात्र राहण्यासाठी पुडीत काय आहे व किती आहे, हे आपणास सांगता आले पाहिजे.